तुळस पिवळी का पडते? औषधी कुंड्यांच्या सामूचं गणित

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं करडी हे वैनगंगेच्या खोऱ्यातलं, धानाच्या पट्ट्यातलं गाव. रोवणी आटोपून बांधीत पाणी साचलं की मातीत एक रासायनिक उलथापालथ सुरू होते. मातीतला प्राणवायू संपतो आणि तिथले जिवाणू लोहाच्या ऑक्साइडवर जगू लागतात. या प्रक्रियेत आम्ल खर्च होतं, त्यामुळे आंबट माती गोडाकडे सरकते. चुनखडीच्या मातीत उलट घडतं. तिथे साचलेला कार्बन डायऑक्साइड अल्कता खाली खेचतो. काही आठवड्यांत दोन्ही प्रकारच्या मात्यांचा सामू, म्हणजे पीएच, ६.५ ते ७ च्या आसपास येऊन स्थिरावतो. बांधीतल्या पाण्यानेच हे काम केल्यामुळे धानकऱ्याला सामूची फारशी फिकीर कधी करावी लागली नाही.

हीच बांधीची माती टोपलीभर आणून अंगणातल्या कुंडीत भरली, तिच्यात तुळस, ब्राह्मी किंवा कढीपत्ता लावला, की ती सोय संपते. कुंडीला तळाशी भोक असतं, माती मोकळी राहते, हवा खेळते. मातीचा सामू मग तिच्या मूळ जागी परततो आणि तिथून पुढे तो कुठे जाईल हे रोज ओतल्या जाणाऱ्या पाण्यावर ठरतं. शेतात झाडाची मुळं कित्येक घनफूट माती धुंडाळतात. कुंडीत त्यांना आठ-दहा लिटरमध्येच संसार मांडावा लागतो. एवढ्याशा मातीत चिमूटभर राख, मूठभर चुना किंवा क्षारांचं पाणी यांचा परिणाम लपत नाही.

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्याच्या, बाबतीत यात एक गमतीचा विरोधाभास आहे. पश्चिम विदर्भातली काळी कापसाची जमीन चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी, तर भंडारा-गोंदियाकडची जमीन मुख्यतः ग्रॅनाइट आणि नाइससारख्या जुन्या खडकांपासून बनलेली, बहुतेक ठिकाणी किंचित आम्लधर्मी ते उदासीन. कन्हार, मोरंड, खरडी, सिहार, बरडी ही इथल्या जमिनींची जुनी नावं. त्यातल्या हलक्या, रेताड जमिनी पावसाने धुऊन निघून अधिक आंबट झालेल्या असतात. तरीही या भागातल्या कुंड्यांमध्ये उन्हाळ्याच्या शेवटी अल्कधर्मी दुखणीच दिसू शकतात. गावची माती चांगली म्हणून कुंडीही चांगली असेल, असं धरून चालता येत नाही.

एक अंक, दहापट फरक

सामूची मोजपट्टी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसन या रसायनशास्त्रज्ञाने मांडली. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. या पट्टीवर प्रत्येक अंक दहापटीचा असतो. सामू ६ असलेली माती सामू ७ च्या मातीपेक्षा दहापट आंबट, आणि सामू ५ ची माती शंभरपट. ‘साडेसात आणि साडेसहा, फरक तो काय’ असं म्हणणाऱ्याला झाडच उत्तर देतं.

अन्नद्रव्यं मातीत असणं वेगळं आणि मुळांना मिळणं वेगळं. सामू ७.५ च्या वर गेला की लोह, जस्त आणि मँगनीज न विरघळणाऱ्या रूपात अडकतात, स्फुरद कॅल्शियमला चिकटून बसतो. सामू ५.५ च्या खाली गेला की स्फुरदाला लोह आणि ॲल्युमिनियम पकडून ठेवतात, मॉलिब्डेनम मिळेनासं होतं आणि ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं खुंटवतं. मातीच्या कुंडीत बहुतेक औषधी झाडांना ६ ते ७ हा पट्टा मानवतो, तो याच कारणाने.

मँगनीजचं उदाहरण तर जिल्ह्याच्या घरचं. शेजारच्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉइलच्या मँगनीजच्या खाणी आहेत. हेच मँगनीज झाडाला अगदी अल्प प्रमाणात लागतं. साडेसातच्या वरच्या सामूत ते कमी पडतं आणि पानं फिकटतात. साडेपाचच्या खाली ते इतकं विरघळतं की विषासारखं वागतं, जुन्या पानांवर तपकिरी ठिपके उमटतात. मातीतल्या मँगनीजचं एकूण प्रमाण दोन्ही वेळी सारखंच असू शकतं.

परदेशी आकड्यांपासून सावध

कुंडीतल्या सामूवरचं बरंच परदेशी साहित्य घरच्या घरी औषधी गांजा पिकवणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून बहुतांश प्रांतांत प्रौढांना घरटी चार झाडांची मुभा मिळाली आणि तशा मार्गदर्शनाला उधाण आलं. भारतात ती मुभा नाही. १९८५च्या एनडीपीएस कायद्यानुसार परवान्याविना गांजाचं झाड लावणं हा गुन्हा आहे. त्यासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि घरगुती औषधाची सबब त्यातून सुटका करत नाही.

त्या साहित्यातले आकडे तुळशीला लावतानाही जपून वागावं. तिथे वारंवार भेटणारा ५.८ हा आकडा पाण्यावर, कोकोपीटवर किंवा पीट मॉसवर वाढवलेल्या झाडांसाठी असतो. मातीविरहित माध्यमात अन्नद्रव्यं कमी सामूला अधिक सुलभ असतात, म्हणून तिथला योग्य पट्टा सुमारे ५.५ ते ६.२ इतका खाली असतो. पोयटा आणि शेणखताच्या कुंडीत सामू ५.८ वर आणण्यासाठी आम्ल ओतत बसणं म्हणजे नसलेल्या रोगावर औषध देणं.

आधी पाणी तपासा

कुंडीचं दुखणं शोधताना पहिला प्रश्न मातीला नव्हे, पाण्याला विचारावा. पाण्याचा नुसता सामू मात्र फसवतो. पाहायची असते ती त्याची अल्कता, म्हणजे त्यात विरघळलेलं बायकार्बोनेट. सामू ८ आणि अल्कता अगदी कमी असलेलं पाणी कुंडीला फारसं बाधत नाही. सामू ७.४ आणि अल्कता ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर असलेलं विंधन विहिरीचं पाणी मात्र हळूहळू माती बदलून टाकतं.

हिशेब साधा आहे. मोठ्या कुंडीला उन्हाळ्यात रोज १ लिटर पाणी लागतं असं धरू. अल्कता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल, तर शंभर दिवसांत त्या कुंडीत ३० ग्रॅम चुनखडीइतकी अल्कता ओतली जाते. दहा लिटर आंबट माती सुधारायची असती, तर जाणकार एका वेळी १० ग्रॅमच्या आसपास चुनखडी भुकटी घालायला सांगतो. इथे त्याच्या तिप्पट, कुणी न सांगता, नकळत पडते. यातली काही अल्कता तळातून वाहून जाते, काही मुळांनी सोडलेल्या आम्लाने जिरते. उरलेली साठत राहते.

हे पाणी पिण्यासाठी वाईट असतं असं नाही. पिण्याच्या पाण्यासाठीचं भारतीय मानक आयएस १०५०० अल्कतेची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम धरतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. माणसाला चालणारं ५०० चं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला एका उन्हाळ्यात पिवळं करू शकतं.

अल्कतेचा अंदाज घरातच येतो. कूलरच्या जाळीवर आणि गवतावर पांढरा, खरखरीत थर धरत असेल, पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी पापुद्रा जमत असेल, मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरी बुरशीसारखी पूड फुलत असेल, तर पाण्यात बायकार्बोनेट आणि कॅल्शियम भरपूर आहे असं समजावं. आकडाच हवा असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात ‘केएच’ मोजायच्या पट्ट्या मिळतात. त्यावरच्या अंशांना १८ ने गुणलं की लिटरमागे मिलिग्रॅम मिळतात. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून आलेल्या अहवालातही ‘एकूण अल्कता’ अशी ओळ असतेच.

दोन सवयी इथे मोडायला हव्यात. विदर्भात घरोघरी कूलर चालतात आणि टाकीतलं उरलेलं पाणी ‘वाया कशाला’ म्हणून झाडांना घातलं जातं. कूलर पाणी उडवून हवा गार करतो. क्षार उडत नाहीत, ते टाकीतच दाटत जातात. आरओ यंत्राच्या टाकाऊ नळीतून येणारं पाणीही तसंच, मूळ पाण्यातल्या क्षारांची गोळाबेरीज. ही दोन्ही पाणी अंगण धुवायला, फरशी पुसायला वापरावीत. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र हवेतली वाफ थिजून तयार होतं. त्यात अल्कता जवळजवळ नसते आणि शोभेच्या किंवा औषधी कुंड्यांना ते इतर पाण्यात मिसळून देता येतं.

सगळ्यात चांगली भर पावसाच्या पाण्याची. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे स्वच्छ पावसाचा सामू ५.६ च्या आसपास असतो आणि त्याची अल्कता नगण्य असते. भंडाऱ्यात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दहा चौरस मीटर पत्र्यावर एवढा पाऊस म्हणजे बारा हजार लिटर. त्यातले पाचशे लिटर झाकणाच्या ड्रममध्ये साठवून ठेवले आणि उन्हाळ्यात विंधन विहिरीच्या पाण्यात निम्मे-निम्मे मिसळले, तर अल्कता निम्म्यावर येते. ड्रमचं तोंड घट्ट जाळीने बांधावं, नाहीतर औषधी बागेआधी डासांची पैदास व्हायची.

राख, चुना आणि वृंदावन

पाण्यानंतरचा संशयित म्हणजे राख. वांग्यावर मावा पडला की चुलीतली राख भुरभुरावी, हा उपाय झाडीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि मावा-तुडतुड्यांना तो काहीसा आवरतोही. लाकडाच्या राखेत कॅल्शियम आणि पोटॅशियम कार्बोनेट असतं, ओल्या राखेचा सामू १० च्याही वर जातो. सांदवाडीतल्या मोठ्या वाफ्यात ती पचून जाते. आठ इंची कुंडीत दर आठवड्याला मूठभर पडली तर तीच पिवळेपणाचं कारण ठरते. राइस मिलच्या तुसाची राख तुलनेने सौम्य आणि सिलिकायुक्त असली, तरी तीही अल्कधर्मीच असते.

तुळशी वृंदावन हा तर वेगळाच मामला. सिमेंटचं नवं वृंदावन आतून चुना सोडतं आणि पहिले काही महिने कडेची माती चांगलीच अल्कधर्मी ठेवतं. तुळशीच्या लग्नाआधी त्याला चुन्याची सफेदी होते, गेरू लागतो, त्यातला चुना वरून ओघळतो. रोजचं हळद-कुंकू मातीत पडतं, आणि पारंपरिक कुंकू हळदीला चुन्यासारख्या अल्काची पुटं देऊन केलेलं असतं. पूजा बंद करायची गरज नाही. नवं वृंदावन असेल तर लावणीआधी आठवडाभर पाणी भरून, रोज बदलून ते मुरवावं. आतून जाड प्लास्टिकची कुंडी बसवून तुळस तिच्यात लावावी, सफेदी करताना माती पोत्याने झाकावी आणि हळद-कुंकू खोडाशी न वाहता वृंदावनाच्या कठड्यावर वाहावं.

मिश्रण भरताना

औषधी कुंडीसाठी दोन भाग पोयटा माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जळका तूस किंवा धुतलेलं कोकोपीट हे मिश्रण या भागात सहज जमतं. शेणखत आणि गांडूळखत दोन्ही साधारण ७ ते ८ सामूचे असतात, म्हणून ‘जितकं खत जास्त तितकं चांगलं’ हा हिशेब इथे चालत नाही. कोकोपीट सौम्य आम्लधर्मी असतं, पण त्यात मिठाचा अंश राहू शकतो. म्हणून साध्या पाण्यात भिजवून दोन-तीनदा निथळून घ्यावं. तलावाचा गाळ सुपीक असतो, मात्र कुंडीत तो विटेसारखा घट्ट बसतो. घालायचाच तर एक चतुर्थांशाहून अधिक नको.

सेंद्रिय पदार्थ आणि चिकणमाती सामूचे चढउतार थोपवून धरतात. निव्वळ वाळू-मुरुमाची कुंडी चार दिवसांत बिघडते आणि चार दिवसांत सुधारते. मोरंड माती आणि खताची कुंडी बिघडायला वेळ घेते, तशी सुधारायलाही घेते. दुरुस्तीचं माप ठरवताना हा फरक ध्यानात असावा.

मोजायचं कसं

काटे मातीत खुपसून वाचायचं, बॅटरीविना चालणारं स्वस्त यंत्र बाजारात भरपूर विकलं जातं. ओल, क्षार आणि काट्यावरचा गंज यांनी त्याचा आकडा इतका हलतो की त्यावरून उपचार ठरवू नयेत. हळदीचा कागदही कामाचा नाही, कारण तो सामू साडेआठच्या वर गेल्यावरच लाल होतो. कुंडीचं नुकसान त्याआधीच झालेलं असतं.

कामाला येतात त्या दोन गोष्टी. एक, अर्ध्या अंकाच्या टप्प्यांचा चांगला पीएच कागद. दोन, पेनासारखा डिजिटल मीटर. पेन घेतला तर त्यासोबत ४ आणि ६.८६ किंवा ७ सामूच्या बफर पुड्याही घ्याव्यात आणि दर मोजणीआधी त्यावर पेन जुळवावा. पेनाचं टोक कोरडं किंवा शुद्ध पाण्यात ठेवलं तर ते लवकर निकामी होतं. ते पोटॅशियम क्लोराइडच्या साठवण द्रावणात ठेवायचं असतं.

लावणीआधीच्या मातीसाठी प्रयोगशाळेचीच पद्धत घरी करता येते. २० ग्रॅम वाळवून चाळलेली माती, ५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास अधूनमधून ढवळायचं आणि वरच्या पाण्यात मोजायचं. गाड्यांच्या बॅटरीत घालायला दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणी चालतं. बाटली आम्लाची नसून पाण्याची आहे, एवढी खात्री मात्र करावी.

लावलेल्या कुंडीची माती न उकरताही सामू कळतो. कुंडीला नेहमीसारखं भरपूर पाणी द्यावं, अर्धा-पाऊण तास निथळू द्यावं. मग खाली स्वच्छ ताटली ठेवून वरून पेला-अर्धा पेला डिस्टिल्ड पाणी गोलाकार ओतावं. ताटलीत उतरलेलं पहिलं ५० मिलिलिटर पाणी मुळांच्या आसपासचं असतं. त्याचा सामू मोजून तारखेसह वहीत लिहावा. एका आकड्यापेक्षा तीन-चार नोंदींमधला कल अधिक बोलका असतो.

पानं काय सांगतात

कोवळी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोह न मिळाल्याची खूण. सामू चढल्याचा संशय इथे घ्यावा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी पडतंय, सामूचा दोष नाही. जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर क्षार किंवा पालाशाकडे पाहावं.

एक पळवाट आधीच बंद करावी. मुळं सतत पाण्यात असली, तळाचं भोक बुजलं असलं, तरीही कोवळी पानं हुबेहूब लोह कमी पडल्यासारखी पिवळी होतात. म्हणून औषध आणण्याआधी कुंडी तिरपी करून भोक पाहावं, बोटभर खोल माती चाचपावी. पाणी तुंबलं असेल तर सामूचं कुठलंही औषध कामाचं नाही.

सामू उतरवायचा असेल तर

पहिला उपाय पाण्याचा. पावसाचं पाणी नसेल, तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे दुकानातलं लिंबूसत्त्व, वापरता येतं. दहा लिटरच्या बादलीत १ ग्रॅमपासून सुरुवात करावी, ढवळून सामू मोजावा, आणि तो ६ ते ६.५ च्या दरम्यान येईपर्यंत थोडं थोडं वाढवावं. अल्कता ३०० च्या आसपास असेल तर साधारण ३ ग्रॅमपर्यंत लागतं. सामू ६ च्या खाली नेऊ नये. हे आम्ल पाण्यातलं बायकार्बोनेट मोडतं. मातीत साठून राहिलेला चुना त्याने एका दिवसात जात नाही, आणि जाणं अपेक्षितही नाही.

मातीसाठी गंधक. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्लात रूपांतर करतात, आणि रसायनशास्त्राच्या हिशेबाने १ ग्रॅम गंधक सुमारे ३ ग्रॅम चुनखडी जिरवतं. या कामाला ऊब, ओल आणि वेळ लागतो, म्हणून परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे थांबावं. दहा लिटरच्या कुंडीला सुरुवातीला ५ ग्रॅम गंधक भुकटी वरच्या मातीत मिसळावी, मोजूनच पुढचा विचार करावा. ‘अजून फरक नाही’ म्हणून दर आठवड्याला टाकलं, तर दोन महिन्यांनी सगळं एकदम आम्ल होतं आणि मुळं जळतात.

तोवर झाड तगवायचं तर पानांवर फवारणी. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळच्या वेळी. जी पानं औषधासाठी खुडायची, त्यांच्यावर मात्र फवारू नये. खुडणी करून घ्यावी आणि नव्या फुटीवर फवारावं. चिलेटेड लोह विकत घ्यायचं असेल तर पाकिटावरचं नाव वाचावं. ईडीटीए प्रकारचं लोह साडेसहाच्या वर ढिलं पडतं, ईडीडीएचए प्रकारचं अल्कधर्मी मातीतही टिकतं.

घरगुती उपायांपैकी वापरलेली चहाची पत्ती जवळजवळ उदासीनच असते. व्हिनेगर आणि ताक जिवाणू काही दिवसांत फस्त करतात आणि सामू मागे येतो. तुरटीने सामू उतरतो खरा, पण सोबत ॲल्युमिनियम येतं. खाण्याच्या आणि काढ्याच्या झाडाला ती नकोच. बॅटरीचं आम्ल तर घरात कुठल्याही कारणाने हाताळू नये.

सामू चढवायचा असेल तर

रेताड मातीच्या किंवा पीटच्या कुंडीत पावसाळ्यानंतर सामू साडेपाचच्या खाली गेलेला दिसू शकतो. अशा वेळी शेतीची चुनखडी किंवा डोलोमाइट भुकटी, दहा लिटर मातीला १० ग्रॅम, मिसळावी आणि महिन्याभराने पुन्हा मोजावं. डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियमही असतं, ही त्याची जमेची बाजू. कळीचा चुना आणि पानाचा चुना तीव्र असतात. ते मुळं आणि डोळे दोन्ही भाजतात. अंड्याच्या कवचाची पूड निरुपद्रवी आहे, फक्त तिचा वेग इतका मंद की या हंगामाच्या दुखण्याला तिचा उपयोग नाही. चुना आणि युरिया किंवा ताजं शेण एकाच वेळी घालू नये, कारण नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं.

कुणाला काय मानवतं

तुळस ६ ते ७.५ मध्ये सुखी असते. कढीपत्त्याला ६ ते ७ हवा आणि सामू चढल्याची पहिली बातमी बहुतेक तोच देतो. हळद-आल्याला किंचित आम्लधर्मी, भुसभुशीत माती आवडते. ब्राह्मी आणि वेखंड ही पाणथळीची झाडं, त्यांना ५.५ ते ७ पुरेसा. त्यांची कुंडी भोकाविना, बांधीसारखी ओली ठेवली तर सामू बराचसा आपोआप सांभाळला जातो. सर्पगंधा आम्लधर्मी मातीची, तिच्याजवळ राख फिरकू देऊ नये.

उलट अश्वगंधा साडेसात ते आठच्या मातीतही रुजते, कोरफड त्याहून सोशीक. गवती चहा आणि अडुळसा फारशी तक्रार करत नाहीत. ज्यांच्याकडे पावसाचं पाणी साठवायची सोय नाही, त्यांनी अल्कधर्मी पाण्याशी झुंजत सर्पगंधा वाढवण्यापेक्षा कोरफड आणि अश्वगंधा लावावी. झाडांची निवड पाहून करायची असेल तर अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं नागार्जुन वनौषधी उद्यान आहे.

वर्षातल्या तीन मोजण्या

पहिली मोजणी मे महिन्याच्या अखेरीस. चार महिने विंधन विहिरीचं पाणी पिऊन कुंडीचा सामू तेव्हा सर्वात वर असतो. मृगाचा पाऊस लागला की कुंड्या पत्र्याखालून उघड्यावर काढाव्यात. पहिल्या चार-पाच जोरदार सरी तळातून वाहू द्याव्यात, साठलेले क्षार त्यातच धुतले जातात. दुसरी मोजणी सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस ओसरताना. रेताड कुंड्या आंबटल्या असतील तर त्या तेव्हा सापडतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत दुरुस्तीला वेळ मिळतो. तिसरी जानेवारीत. थंडीत गंधकाचं काम मंदावतं, म्हणून या मोजणीनंतर गंधक घालायचं झालं तर फेब्रुवारीच्या उबेची वाट पाहावी.

एका वेळी एकच बदल करावा. पाणी बदललं, गंधक घातलं आणि खतही दिलं, तर झाड सुधारलं कशाने आणि बिघडलं कशाने, हे कळायला मार्ग राहत नाही.

बऱ्याच कुंड्या एकाच ढिगातून भरायच्या असतील, तर त्या ढिगाची माती प्रयोगशाळेत एकदा तपासून घेणं परवडतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत सामूसह १२ घटक तपासले जातात. भंडारा जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र साकोलीला आहे, नमुना कुठे आणि कसा द्यायचा हे तिथे विचारता येतं. ढिगाच्या आठ-दहा ठिकाणांहून माती घ्यावी, सावलीत वाळवावी, एकत्र करून अर्धा किलो स्वच्छ कापडी पिशवीत भरावी. खताच्या रिकाम्या पिशवीत नमुना देऊ नये. अहवाल आला की सामूच्या शेजारची विद्युत वाहकतेची ओळही वाचावी. ती मीटरला १ डेसिसायमन्सच्या वर असेल तर मातीत क्षार साठले आहेत. अशा ढिगाला गंधक किंवा चुना घालण्याआधी पावसात धुऊन निघू द्यावं.